प्रतिकारपेशींचे अकाली वार्धक्य

प्रतिकारशक्ती कमी असण्याच्या विकारांत शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी, विशेषतः टी-पेशी, माणसाच्या वयाच्या कितीतरी आधी जुन्या होतात, ती अवस्था. असे जन्मजात विकार साडेचारशेहून अधिक ज्ञात आहेत. एचआयव्हीमुळे जडणारी न्यूनता वेगळीच. ‘पेशी कमी पडतात’ असे या सर्वांचे सरधोपट वर्णन आजही केले जाते. प्रत्यक्षात अनेक रुग्णांच्या पेशी मोजदादीला पुरेशा भरतात, पण थकलेल्या असतात. निदान आणि औषध दोन्ही या फरकावर अवलंबून असल्याने तो ठसठशीत मांडणे आवश्यक आहे.

टी-पेशींचा उगम अस्थिमज्जेत होतो, पण त्या कामाला लायक होतात छातीच्या हाडामागील थायमस, म्हणजे यौवनलोपी ग्रंथीत. तेथून बाहेर पडणारी पेशी कोरी असते. तिची अजून एकाही जंतूशी गाठ पडलेली नसते. ती पडली की पेशी झपाट्याने विभागते, लढते आणि मागे स्मृतिपेशी ठेवते. थायमस बालपणापासूनच आक्रसू लागते आणि तिच्या जागी चरबी साठत जाते. त्यामुळे मोठेपणी कोऱ्या पेशींचा साठा मुख्यतः विभाजनावर टिकवावा लागतो. विभाजनाला मर्यादा असते, हे लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये मानवी पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवले. दर विभाजनात गुणसूत्राच्या टोकावरील टेलोमियर थोडे झिजते. टी-पेशीतील टेलोमरेज हे विकर ती झीज काही काळ भरून काढते. पण पेशी पुनःपुन्हा चेतवली गेली की त्याचाही जोर ओसरतो. अशा जुन्या पेशीच्या पृष्ठभागावरून सीडी-२८ हे प्रथिन नाहीसे होते आणि सीडी-५७ दिसू लागते. ती विभागत नाही, सहजी मरतही नाही, आणि दाह वाढवणारी द्रव्ये मात्र स्रवत राहते.

पेशींचे हे वार्धक्य सर्वांत स्पष्ट दिसते ते एपीडीएस या दुर्मिळ आनुवंशिक विकारात. त्याचे वर्णन प्रथम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पीआय-३-के डेल्टा हे विकर पेशीला वाढण्याचा आणि विभागण्याचा संदेश पोहोचवते. पीआयके३सीडी किंवा पीआयके३आर१ या जनुकातील दोषामुळे तो संदेश थांबतच नाही आणि पुढचा एमटॉर नावाचा मार्ग सतत चेतलेला राहतो. कोऱ्या पेशी उसंत न मिळता लढाऊ पेशी होतात आणि लवकर संपतात. शाळकरी वयाच्या मुलाच्या रक्तात सीडी-५७ धारण करणाऱ्या पेशींची गर्दी होते. मूल सारखे खोकला-तापाने आजारी पडते, न्यूमोनिया होतो, मानेतल्या गाठी सुजतात, प्लीहा वाढते. ईबीव्ही आणि सीएमव्ही हे विषाणू आटोक्यात राहत नाहीत. येथे न्यूनता अतिश्रमातून आलेली असते. म्हणूनच आवर घालणारे औषध गुणकारी ठरते, हे ऐकायला उलटे वाटले तरी खरे आहे. उंदरांचे आयुष्य वाढवते म्हणून २००९ मध्ये गाजलेले रॅपामायसिन एमटॉरलाच रोखते. एपीडीएसच्या रुग्णांत त्याने कोऱ्या पेशींचे प्रमाण काही अंशी पूर्ववत झाल्याचे २०१४ मध्ये नोंदले गेले. थेट दोषी विकरावर काम करणाऱ्या लेनियोलिसिबला अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये १२ वर्षांपुढील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. वार्धक्य काही प्रमाणात मागे फिरवता येते याचा इतका थेट पुरावा दुसऱ्या फार थोड्या विकारांत मिळतो.

तपासणीसाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेले थोडे रक्त पुरते. चकाकणारे रंग जोडलेली प्रतिपिंडे त्यात मिसळून पेशी फ्लो सायटोमीटरमधील लेसरच्या झोतासमोरून एकेक करून सोडतात. सीडी-४५-आरए आणि सीसीआर-७ दोन्ही असलेली पेशी कोरी, तर सीडी-२८ गमावून सीडी-५७ मिळवलेली पेशी जुनी. अहवालात एकूण टी-पेशींचा आकडा वरच्या ओळीत असतो आणि तो मर्यादेत दिसला की वाचणारा निर्धास्त होतो. नजर मात्र खालच्या ओळींवरच्या कोऱ्या पेशींच्या टक्केवारीवर जायला हवी. जन्मजात न्यूनतेच्या अशा तपासण्या मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी येथे होतात. ट्रेक ही दुसरी चाचणी. थायमसमध्ये टी-पेशी घडताना डीएनएचे छोटे वर्तुळ सुटून मागे राहते, तेच ट्रेक. विभाजनात त्याची प्रत निघत नाही, त्यामुळे ट्रेक जितके विरळ, तितक्या नव्या पेशी कमी.

असे वार्धक्य इतर जन्मजात विकारांतही आढळते. डायजॉर्ज विकारात २२व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो आणि थायमस लहान असते. मोजक्या पेशींना विभागूनच जागा भरावी लागते. अ‍ॅटॅक्सिया-टेलँजिएक्टेशियात डीएनएतील तुटी सांधणारे एटीएम जनुक बिघडलेले असते. प्रतिपिंडे कमी पडणाऱ्या सीव्हीआयडीतही काही रुग्णांच्या कोऱ्या टी-पेशी ओसरलेल्या आढळतात.

रुग्णसंख्येच्या दृष्टीने मोठा प्रश्न एचआयव्हीचा आहे. भारतात सरकारी एआरटी (एचआयव्हीरोधक उपचार) केंद्रांतून मोफत औषधे एप्रिल २००४ पासून, महाराष्ट्रासह सहा राज्यांत, मिळू लागली. त्या वेळी सीडी-४ (मदतनीस टी-) पेशी रक्ताच्या दर घन मिलिमीटरला २०० च्या खाली घसरल्यावरच उपचार सुरू होत. निदान होताच औषध देण्याचे धोरण २०१७ मध्ये आले. पहिल्या काळातील रुग्णांनी मधली वर्षे विषाणूशी झुंजत काढली, आणि त्यांपैकी अनेकांचा विषाणू आता चाचणीत सापडत नसला तरी सीडी-४ व सीडी-८ (मारक) टी-पेशींचे गुणोत्तर पूर्ववत होत नाही, दाह धुमसत राहतो. हृदयविकार त्यांना इतरांपेक्षा अधिक गाठतो. एआरटी केंद्रात सीडी-४ व व्हायरल लोड पाहिले जातात, तितक्याच आस्थेने रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही पाहिले जावे. भारतासह १२ देशांत एचआयव्हीबाधितांवर झालेल्या रिप्रीव्ह चाचणीत पिटाव्हास्टॅटिनच्या रोजच्या गोळीने हृदयविकाराच्या गंभीर घटना सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले.