झाकल्या मुठीची किंमत



झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. घरगुती व्यवहारात ही म्हण शहाणपणाची आहे. पण मुठीत दुसऱ्याचा पैसा असेल, तर ती झाकून ठेवण्याचा अधिकार कोणाला? हाच प्रश्न आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

हा विषय आम्ही कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालू होती. मालकांनी ताळेबंद पुढे टाकला आणि यंदा तोटा आहे, असे सांगितले. आम्ही चक्रावलो. तीनही पाळ्या चालू होत्या, माल रोज फाटकाबाहेर जात होता. मग तोटा आला कोठून? कित्येक रात्री जागून आम्ही तो ताळेबंद वाचला. तोटा कारखान्यातला नव्हताच. कंपनीने घेतलेल्या रोख्यांचे भाव उतरले होते, आणि ती उतरण हिशेबात धरली होती. पुढे भाव चढले, कागदावर नफा दिसला, तेव्हा आम्ही वाटा मागितला. तर मालक म्हणाले, हा नफा कागदी आहे. खरे सांगावयाचे तर आम्हीही शुद्ध नव्हतो. तोट्याच्या वर्षी तोटा कागदी आणि नफ्याच्या वर्षी नफा खरा, असे आमचेही म्हणणे होतेच. तेव्हापासून मोजण्याच्या मापाची चौकशी करण्याची आम्हांला सवय लागली.

मापे मुख्यतः दोन. पहिले माप खरेदीच्या किमतीचे: ज्या भावाला घेतले तोच भाव वहीत राहतो. दुसरे आजच्या भावाचे. त्याला रास्त मूल्य म्हणतात. समजा, शेकडा ६ व्याजाचा १०० रुपयांचा रोखा आपल्याजवळ आहे आणि बाजारात नवे रोखे शेकडा ८ व्याजाने मिळू लागले. आता आपल्या रोख्याला कोणी १०० रुपये देईल काय? मुळीच नाही. पहिल्या मापाने तो १०० चाच, दुसऱ्या मापाने कमी. पहिले माप स्थिर आहे, पण शिळे होते. दुसरे ताजे आहे, पण बाजाराच्या लहरीवर हलते. अमेरिकेत १९३८ साली सरकारी नियंत्रकांनी बँकांच्या चांगल्या रोख्यांना रोजचा बाजारभाव लावणे सोडून दिले. मंदीच्या काळात भावांच्या धास्तीने बँका कर्ज देईनाशा होऊ नयेत, हा त्यांचा हेतू होता. हेतू वाईट नव्हता. परंतु शिळे माप फार दिवस वापरले की काय होते, याचा दाखला आमच्या मुंबईतच घडला.

१९६३ च्या कायद्याने युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया स्थापन झाला आणि १९६४ साली त्याची पहिली योजना, युनिट स्कीम ६४, निघाली. युनिटची दर्शनी किंमत १० रुपये. शेअरबाजाराची पायरी चढण्याची ज्यांची छाती नव्हती, अशा पगारदारांनी, विधवांनी, निवृत्तांनी तीत पैसे घातले. सरकारी संस्था आहे, बुडणार कशी, ही भावना सर्वत्र होती. १९९३-९४ साली तर शेकडा २६ लाभांश मिळाला.

परंतु युनिट विकावयाचे व परत घ्यावयाचे भाव ट्रस्ट स्वतः ठरवी. योजनेजवळच्या शेअरांची व रोख्यांची आजची किंमत काढून तिला युनिटांच्या संख्येने भागावे, असा नियम नव्हता. पैशाचा निम्म्याहून अधिक भाग शेअरांत गेला, शेअर उतरले, तरी युनिटचा भाव महिन्यामहिन्याने वर चढतच राहिला. १९९८ साली योजनेची गंगाजळी उणे झाल्याचे उघड झाले आणि युनिट परत करण्यासाठी धाव सुरू झाली. दीपक पारेख यांच्या समितीने १९९९ साली तीन वर्षांत भाव मालमत्तेच्या खऱ्या किमतीशी जोडावा, अशी शिफारस केली. तोवर झाकली मूठ तशीच राहिली.

२००१ च्या मे महिन्यात ट्रस्ट युनिट परत घेताना १४ रुपयांच्या वर देत होता. खरी किंमत १० रुपयांच्याही आत होती. येथे क्षणभर थांबून विचार करा. जो बाहेर पडला त्याला जादा मिळालेले चार रुपये कोठून आले? मागे राहिलेल्यांच्या वाट्यातून. म्हणजे शिळ्या मापाने कोणाचेच नुकसान टळले नाही. ते फक्त आधी उठणाऱ्याच्या पानातून शेवटी बसणाऱ्याच्या पानात सरकले. आणि आधी उठले कोण? एप्रिल-मे मध्ये काढून घेतलेल्या रकमेचा फार मोठा भाग कंपन्यांचा होता. ज्याला ताळेबंद वाचता येतो तो गेला; ज्याला पासबुकापलीकडे वाचता येत नाही तो राहिला.

२ जुलै २००१ रोजी ट्रस्टने खरेदी-विक्री सहा महिने बंद केली. लहान धारकांना पुढे ३,००० युनिटांपर्यंत १० रुपयांनी सुरुवात होणारा भाव मिळू लागला. २००२ च्या आरंभी खरा भाव प्रथमच जाहीर झाला, तो ६ रुपयांच्याही खाली होता. तूट सरकारने सोसली, म्हणजे अखेर करदात्याने. २००३ साली ट्रस्टचे दोन तुकडे झाले.

मग रास्त मूल्य म्हणजे रामबाण औषध काय? तसेही नाही. भारतात मोठ्या कंपन्यांना २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या लेखामानकांत मूल्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीवर बाजारात त्याच वस्तूचा उघड भाव मिळतो. दुसरीवर तशाच वस्तूंच्या भावांवरून व व्याजदरांवरून तो काढतात. तिसरीवर बाजार बोलतच नाही. कंपनी स्वतःच्या अंदाजाने आकडा मांडते. तिन्ही आकड्यांना नाव एकच, रास्त मूल्य. पण विश्वास सारखा ठेवता येत नाही. कर्जाच्या बाबतीत तर गंमतच आहे. कंपनीची पत घसरली की तिच्या रोख्यांचा भाव पडतो, देणे कमी दिसते आणि बुडत्या कंपनीला नफा झाल्याचे दिसते! २००८ नंतर अमेरिकेतील मोठ्या बँकांनी असे नफे दाखविले. २०१८ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने कर्जावरील अशी वाढघट सामान्यतः नफ्यातोट्याबाहेर ठेवली.

जुने मापही मेलेले नाही. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेने मुदतीपर्यंत ठेवावयाचे म्हणून सुमारे ९,१०० कोटी डॉलरांचे रोखे जुन्या मापाने मांडले होते. त्यांची आजची किंमत सुमारे ७,६०० कोटी होती, आणि बँकेचे स्वतःचे भांडवल अवघे १,६०० कोटी. ही गोष्ट लपविलेली नव्हती. २०२२ च्या ताळेबंदाच्या टीपेत छापलेली होती. ९ मार्च २०२३ रोजी ठेवीदारांनी एका दिवसात सुमारे ४,२०० कोटी डॉलर काढले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली.

श्रोतेहो, आमच्या सभासदांच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसेही मुख्यतः रोख्यांत असतात. म्हणून आकडा पुढे आला की आम्ही विचारतो: हा घेतल्याचा भाव की आजचा? आजचा असेल, तर बाजाराने सांगितला की तुम्ही? आणि उद्या सगळेच मागावयास आले, तर शेवटच्या माणसाला काय मिळेल? हे विचारण्यास पदवी लागत नाही. आम्ही आजवर संपाच्या, मोर्चाच्या पुष्कळ गोष्टी कामगारांना शिकविल्या. ताळेबंदाची टीप वाचावयास शिकविणे मात्र फार उशिरा सुरू केले. ती उणीव भरून काढणे, हे आमचे उरलेले काम आहे.