राळेगाव परिसरातील कीटकभक्षी पक्ष्यांचे उन्हाळी खाद्य

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत भिंगऱ्या, पाकोळ्या, वेडे राघू, कोतवाल, नीळकंठ हे पक्षी ज्या किड्यांवर जगतात त्यांची ही नोंद. तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते आणि नदीपलीकडे वर्धा जिल्हा लागतो. जमीन बहुतेक काळी, पिके कापूस, सोयाबीन आणि तूर. अधूनमधून सागाचे पानझडी जंगल. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो.

भिंगरीच्या खाद्याबद्दल जे लिहिलेले सापडते ते बहुतेक युरोपातले असते, आणि तिकडचा उन्हाळा म्हणजे किड्यांची सुगी. दिवस लांब, कुरणे हिरवी, हवेत माश्याच माश्या. माळभिंगरी (हिरुंडो रस्टिका) त्याच दिवसांत पिल्ले वाढवते. वऱ्हाडात हीच भिंगरी हिवाळी पाहुणी आहे. पावसाळा सरता सरता ती येते, तारांवर रांगा लावून बसते आणि ऊन तापू लागले की उत्तरेकडे निघते. त्यामुळे ‘भिंगरी उन्हाळ्यात काय खाते’ या प्रश्नाचे युरोपी उत्तर राळेगावला लावता येत नाही. इथे किड्यांची खरी सुगी पावसाळ्यात असते. एप्रिल-मे हा टंचाईचा काळ. वावरे उघडी पडलेली, साग निष्पर्ण, गवत वाळून गेलेले. किडे नाहीसे होत नाहीत, पण ते सगळीकडे न राहता ठरावीक जागी आणि ठरावीक वेळीच मिळतात. उन्हाळ्यात पक्षी कुठे दिसतील हे यावरूनच ठरते.

मागे राहणाऱ्यांत तारशेपटी भिंगरी, लालबुडी भिंगरी आणि पुलांखाली, इमारतींच्या सज्जांखाली घरटी करणारी धूसर कडाभिंगरी या हिरुंडिनिडी कुळातल्या. घरपाकोळी आणि ताडपाकोळी दिसायला त्यांच्यासारख्या असल्या तरी त्यांचे कुळ वेगळे (अपोडिडी). त्यांचे पाय इतके आखूड असतात की त्यांना भिंगरीसारखे तारेवर बसता येत नाही. खाणे, पाणी पिणे, घरट्यासाठी पिसे आणि काडीकचरा गोळा करणे, सगळे उडता उडताच.

पाण्याकाठचे खाद्य : वर्धेच्या पात्रात उरलेले डोह, गावतळी, बेंबळा प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी या उन्हाळ्यातल्या सर्वांत भरवशाच्या जागा. डासांसारखी दिसणारी पण न चावणारी चिलटे (कायरोनोमिडी) आपले अळीपण पाण्याखालच्या गाळात काढतात आणि पंख फुटले की पृष्ठभागावरून थव्याने वर येतात. एकदिवशी माश्या (एफेमेरोप्टेरा) आणि डासही पाण्यातूनच निघतात. तारशेपटी भिंगरी पाण्यावरून वीतभर उंचीने फेऱ्या मारत हे टिपते. पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास तिची घाई बघण्यासारखी असते. दुपारी ती पुलाच्या सावलीत बसून राहते. नदीकाठी चतुर आणि टाचण्याही असतात, पण चतुर भिंगरीच्या चोचीला मोठा पडतो. तो वेड्या राघूच्या वाट्याला जातो.

उंच हवेतले खाद्य : सकाळी दहा-अकरानंतर काळी जमीन तापते आणि गरम हवा वर चढू लागते. तिच्याबरोबर मावा, तुडतुडे, पंखवाल्या मुंग्या, बारीक भुंगेरे, परोपजीवी गांधीलमाश्या, अगदी धाग्यावर तरंगणारे बालकोळीसुद्धा वर ओढले जातात. जमिनीवरून ही जिवांची गर्दी दिसत नाही. तिच्यात गिरक्या घेणाऱ्या पाकोळ्या दिसतात. पिल्ले असली की पाकोळी प्रत्येक किडा घेऊन घरट्याकडे धावत नाही. ती किडे घशात साठवते, लाळेने त्यांचा गोळा करते आणि एका खेपेत तो पिल्लाला भरवते. युरोपातील पाकोळीच्या (एपस एपस) अशा एकेका गोळ्यात ३०० ते १,००० किडे मोजले गेले आहेत. राळेगावच्या घरपाकोळीची रीतही हीच.

किड्यांच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी असते, म्हणून हे खाणे काही प्रमाणात पिणेही ठरते. तरीही उन्हाच्या तडाख्यात भिंगऱ्या-पाकोळ्या पाण्यावर झेप घेऊन उडता उडता चोच बुडवतात.

गोठा, उकिरडा आणि फुलोरा : शेणावर वाढणाऱ्या माश्या उन्हाळाभर असतात. सकाळी गुरे बाहेर निघाली की त्यांच्या पायांशी गायबगळे आणि पाठीवर कोतवाल, हे दृश्य कोणत्याही गावाच्या शिवेवर दिसेल. गुरांच्या चालण्याने उडणारे नाकतोडे आणि माश्या हे त्यांचे मुख्य आकर्षण. लालबुडी भिंगरीही कधी कधी गोठ्याभोवती खालून फेऱ्या मारते.

मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब फुलतो, मोह गळू लागतो, त्याआधी पळस पेटलेला असतो. सगळे रान सुकलेले असताना किड्यांना मध आणि पराग देणारी झाडे मोजकीच उरतात आणि सगळे किडे तिथे जमतात. वेडा राघू अशा झाडाजवळची तार किंवा वाळकी फांदी धरतो. फुलोरी मधमाशी, गांधीलमाशी, भुंगेरा, काहीही उडाले की झेप, आणि परत त्याच जागी. माशी तशीच गिळत नाही. फांदीवर आपटतो, तिचे शेपूट घासून विष काढून टाकतो, मग गिळतो. मधपेट्या ठेवणाऱ्यांचा त्याच्यावर राग असतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही.

मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत विदर्भातल्या जंगलपट्ट्यात आहे. ती जंगलाला घातक आहे हे खरेच. पण धूर दिसला की कोतवाल आणि नीळकंठ तिथे हजर होतात आणि आगीपुढे पळणारे नाकतोडे, झुरळे, भुंगेरे धुराच्या कडेलाच टिपतात.

नांगरट : उन्हाळवाहीला शेतकरी आणि पक्षी दोघांच्याही हिशेबात जागा आहे. कापूस, तूर, हरभऱ्यावरची घाटेअळी (हेलिकोव्हर्पा) मातीत उतरून कोषात जाते. नांगराने हे कोष उघडे पडतात. काही उन्हाने मरतात, काही पक्षी खातात. खोल उन्हाळी नांगरणीच्या शिफारशीमागे हे एक मोठे कारण आहे. नांगरामागे बगळे, साळुंक्या, कावळे आणि कोतवाल चालतात. भिंगऱ्या या पंगतीत नसतात, कारण त्या जमिनीवरचे उचलत नाहीत. ढेकळांतून उडालेले तेवढे त्यांचे.

इथे एक गैरसमज खोडला पाहिजे. भिंगरी कपाशीची राखण करते असे कौतुकाने लिहिले जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीची नासाडी करणारी गुलाबी बोंडअळी उन्हाळा काढते ती सुप्तावस्थेत, वाळक्या बोंडांत, सरकीत आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगांत. तिचा पतंग बाहेर पडतो तो रात्री. दिवसा उडणाऱ्या भिंगरीची आणि त्याची फारशी गाठच पडत नाही. रात्रीचे पतंग हे रातव्याचे आणि वटवाघळांचे खाद्य. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांपैकी हवेत चढलेले किडे भिंगरी खाते, पण पानाच्या पाठीमागे बसलेल्या तुडतुड्याला तिच्यापासून भय नाही.

वळवाचा पाऊस : मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला पहिली मोठी सर येते आणि टंचाई एका संध्याकाळी संपते. वारुळांतून उधई, म्हणजे वाळवी, पंख घेऊन बाहेर निघते. एकाच वेळी हजारोंनी, चरबीने भरलेले, संथ उडणारे, बचावाचे कोणतेही साधन नसलेले हे जीव. उन्हाळाभर आपापल्या जागा सांभाळून राहिलेले पक्षी त्यावर एकत्र तुटून पडतात : वर पाकोळ्या, मधल्या थरात भिंगऱ्या आणि वेडे राघू, तारेवरून कोतवाल, जमिनीवर साळुंक्या आणि कावळे. चिमण्याही यात असतात. एरवी दाणे टिपणारे पक्षीसुद्धा त्या संध्याकाळी कीटकभक्षी होतात. अंधार पडला की पिंगळे आणि रातवे येतात. त्याच सुमारास हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून रात्री कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात, त्यांचे गिऱ्हाईक हेच निशाचर.

वेडा राघू, कोतवाल आणि नीळकंठ विणीसाठी कडक उन्हाळाच निवडतात, हे वरवर पाहता विचित्र वाटते. पण मे-जूनमध्ये उडू लागलेली, शिकारीत अजून कच्ची असलेली पिल्ले जेव्हा खाणे मागतात तेव्हाच हा उधईचा आणि नव्या पालवीवरच्या किड्यांचा लोट येतो. अंडी मात्र टंचाईतच उबवावी लागतात.

पावशा याच दिवसांत ‘पेर्ते व्हा’ ओरडत असतो. त्याचे खाद्य वेगळे, केसाळ सुरवंट. ते पालवी फुटल्यावरच मुबलक होतात. त्याच्यामागून जूनमध्ये आफ्रिकेकडून येणारा चातकही सुरवंटांवरच जगतो.

अभ्यास : भारतात पक्ष्यांच्या खाद्याची पहिली मोठी पद्धतशीर तपासणी बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत झाली. सी. डब्ल्यू. मेसन यांनी पक्ष्यांच्या पोटातले अन्न तपासून प्रत्येक पक्षी शेतीला हितकारक, अपायकारक की निरुपद्रवी हे ठरवण्याचा प्रयत्न केला. कीटकशास्त्रज्ञ एच. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या सहभागाने ते काम १९१२ मध्ये ‘द फूड ऑफ बर्ड्स इन इंडिया’ या नावाने प्रसिद्ध झाले. विदर्भातील पक्ष्यांची नावे आणि सवयी मराठीत आणण्याचे श्रेय मुख्यतः मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’ला जाते.

घट : २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालाने नीळकंठाची संख्या देशभर लक्षणीय घटल्याचे नोंदवले आणि त्याचा जागतिक धोक्याचा दर्जा पुन्हा तपासण्याची शिफारस केली. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो हाच पक्षी. नाकतोडे आणि मोठे भुंगेरे हे त्याचे खाणे, आणि बसायला त्याला उघड्या रानातले उंच ठिकाण लागते. कीड नियंत्रणासाठी शेतकऱ्यांना एकरी २० च्या आसपास पक्षीथांबे, म्हणजे इंग्रजी ‘टी’ आकाराच्या काठ्या, उभारायला सांगितले जाते. पण ते खरिपात उभ्या पिकात लागतात आणि पिकाबरोबर निघतात. एप्रिल-मेच्या उघड्या वावरात नीळकंठाला आणि कोतवालाला धुऱ्यावरची बाभूळ, पळस किंवा निंबच लागतो, आणि धुरे नांगरून वावरात घेतले की ही झाडे प्रथम जातात.