धुळ्याच्या तुरुंगापासून टू-एक्सपर्यंत

21 फेब्रुवारी 1932, रविवार. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेवर बोलू लागले आणि साने गुरुजी ते लिहून घेऊ लागले. दर रविवारी एक अध्याय. 19 जूनला अठरावा पूर्ण झाला. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक म्हणजे त्या लेखणीची कमाई. ध्वनिमुद्रण नव्हतं, निसटलेलं वाक्य मागे जाऊन पुन्हा ऐकण्याची सोय नव्हती. वेग विनोबांचा, तो गाठायचा गुरुजींच्या हाताने. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेले गुरुजी झरझर लिहीत. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली. हाताला ती चाल नसती, तर ते अठरा रविवार तुरुंगाच्या भिंतींआडच राहिले असते.

आज जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये इअरफोन लावून दीडपट, दुप्पट वेगाने लेक्चर ऐकणारी मुलं बसलेली असतात. त्यांचं घराणं मला गुरुजींपर्यंत पोचताना दिसतं. बोलणाऱ्याचा वेग एक आणि घेणाऱ्याचा दुसरा, ही अडचण तेव्हाही होती.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरकाम करताना, शेतात राबताना ओव्या सुचत, त्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी टिपल्या. त्या गेल्यावर, 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांचं पुस्तक निघालं. जळगावचं विद्यापीठ आज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्यांचा शब्दही कुणीतरी वेळेवर पकडला म्हणूनच उरला.

पुढे टेप आली आणि बोलणं साठवता येऊ लागलं. पण टेप जोरात फिरवली की आवाज चिरका होतो. माणसाऐवजी चिमणी बोलतेय असं वाटतं. वेग वाढवायचा आणि आवाजाची पट्टी तीच ठेवायची, हे कोडं सोडवायला माणसांनी बरीच खटपट केली. अमेरिकेत विल्यम गार्वी यांनी 1950च्या आसपास चक्क टेपचे बारीक तुकडे कापून टाकले आणि उरलेले एकमेकांना चिकटवले. बोलणं दुप्पट वेगवान झालं, तरी बहुतेक शब्द ऐकणाऱ्यांना कळत होते. इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 साली हेच काम यंत्राकडे सोपवलं. फिरत्या हेडमधून आवाजाचे सेकंदाच्या काही शतांशांएवढे तुकडे गाळले जात. आपल्या बोलण्यात स्वर लांबतात, मध्ये विसावे असतात. त्यातलं थोडं गेलं तरी कानाला चुकल्यासारखं वाटत नाही. आजचा फोन आकडेमोडीने करतो ते मुळात हेच.

या शोधाची खरी गरज मात्र घाईत असलेल्यांना नव्हती, ती अंधांना होती. लुईव्हिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एमर्सन फाऊल्क स्वतः अंध होते. ब्रेलवर बोट फिरवून वाचणारा विद्यार्थी डोळस विद्यार्थ्याच्या बराच मागे राहतो, आणि बोलकं पुस्तक वाचणाऱ्याच्या संथ गतीने चालतं. डोळस माणूस नकोसं पान चाळून पुढे जातो, अंधाने काय करायचं? 1960च्या दशकात फाऊल्क यांनी वेगवान बोलणं अंध मुलांना ऐकवून पाहिलं. मिनिटाला साधारण 275 इंग्रजी शब्दांपर्यंत आकलन फारसं ढळत नाही, त्यापुढे ते झपाट्याने उतरतं, असं त्यांच्या आणि इतरांच्या कामातून पुढे आलं. वेगाने ऐकणं हा आळशांचा शॉर्टकट आहे, असं कुणी म्हणालं की मला फाऊल्क आठवतात. वेग कमी-जास्त करायचा हक्क ऐकणाऱ्याला मिळावा, म्हणून हा माणूस झिजला.

जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दृष्टिहीन मुलं-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. सरावलेला अंध वाचक स्क्रीन रीडर ज्या वेगाने ऐकतो, तो नवख्या डोळस माणसाला नुसता खडखडाट वाटतो. तो वेग एका दिवसात येत नाही. महिनोन्महिने थोडा थोडा वाढवावा लागतो. फाऊल्क यांचे खरे वारस मला हेच वाटतात.

बाकीच्यांच्या हाती हे आलं ते स्वस्त डेटाबरोबर, 2016च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाल्यानंतर. कोटा, दिल्ली, पुण्याचे शिक्षक चोपडा-शिरपूरच्या घरात बोलू लागले आणि करोनाच्या टाळेबंदीत तीच शाळा झाली. लेक्चरांचा ‘बॅकलॉग’ साठला की मुलं तो दुपटीने काढतात. घरची मोठी माणसं कुरकुरतात की असं ऐकून डोक्यात काय राहणार?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत 2021 साली हे तपासलं गेलं. दुप्पट वेगापर्यंत गुणांत फारसा फरक पडला नाही. अडीचपटीला मात्र घसरण दिसली. दुपटीने दोनदा पाहणाऱ्यांनी दुसरी खेप आठवड्याने, परीक्षेच्या तोंडावर ठेवली, तेव्हा एकदाच नेहमीच्या वेगाने पाहणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त आलं. लागोपाठ दोनदा पाहण्याचा तसा फायदा झाला नाही. उजळणीसाठी दुप्पट वेग राखून ठेवणारी मुलं म्हणजे बरोबरच करतात.

पण त्या प्रयोगातली लेक्चरं ऐकणाऱ्यांना सरावाच्या भाषेत होती. आपल्याकडे घरात अहिराणी, शाळेत मराठी, लेक्चर हिंदीत आणि पुस्तक इंग्रजीत, अशी चार भाषांची उतरंड एकाच मुलाला पार करायची असते. हिंदीतला इतिहास तो सहज दीडपटीने ऐकेल. इंग्रजीतलं भौतिकशास्त्र नेहमीच्या वेगानेही त्याला जड जातं आणि सूत्राची सिद्धता आली की व्हिडिओ थांबवून वहीत उतरवावी लागते. त्याच्यासाठी चांगली मराठी लेक्चरं अजून फार थोडी आहेत. ती वाढली तर वेग वाढवायचा की कमी करायचा, हे त्याला विषयाच्या अवघडपणावरून ठरवता येईल. आज ते बऱ्याचदा भाषा ठरवते.