अस्थानिक गर्भधारणा : ग्रामीण भागातील उपचार

फलित बीजांड गर्भाशयाच्या पोकळीबाहेर रुजणे म्हणजे अस्थानिक गर्भधारणा. दर 100 गर्भधारणांपैकी साधारण 1 ते 2 अशा असतात. त्यांतील 90 टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेत राहतात. नलिका फुटली की पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जीव जाऊ शकतो. नलिकेतला गर्भ वाचत नाही. वाचवायचे असते ते स्त्रीला.

कारणे : जननमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा क्षय, नलिकेवरील शस्त्रक्रिया, पूर्वीची अस्थानिक गर्भधारणा. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा तांबी बसवलेल्या स्त्रीला सहसा दिवस जात नाहीत. गेलेच, तर गर्भ नळीत असण्याचा संभव मोठा असतो. त्यामुळे ‘ऑपरेशन झालंय’ एवढ्यावर तपासणी थांबवू नये.

लक्षणे व निदान : शेवटच्या पाळीपासून बहुधा 6 ते 8 आठवड्यांनी ओटीपोट दुखते, अंगावरून थोडे रक्त जाते, घेरी येते, कधी खांद्याच्या टोकाला कळ येते. पहिली पायरी लघवीच्या तपासणीची असून त्यासाठीचे ‘निश्चय’ किट आशा कार्यकर्तीकडे असते. पुढे योनिमार्गे सोनोग्राफी करतात. ती नसेल तेथे योनीमागील खोबणीतून सुईने न गोठणारे रक्त निघाल्यास पोटातील रक्तस्रावाची शंका बळावते.

उपचार : नलिका शाबूत, प्रकृती स्थिर व गर्भ लहान असल्यास मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देतात, मात्र गर्भधारणेच्या संप्रेरकाची (एचसीजी) पातळी उतरेपर्यंत रक्ततपासणीला पुन्हापुन्हा यावे लागते. ज्यांना ते जमणार नाही, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियाच सुरक्षित. नलिका फुटली असल्यास सोनोग्राफीची वाट न पाहता पोट उघडून ती काढतात. 1883 मध्ये शल्यचिकित्सक लॉसन टेट यांनी ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. रक्तपेढी दूर असल्यास पोटातील ताजे रक्त गाळून रुग्णेलाच परत देता येते.

रुग्ण पाठवणे : जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याच्या कुंभार पिंपळगावसारख्या गावातून अशा रुग्णेला भूलतज्ज्ञ, शल्यगृह व रक्त एकत्र मिळेल अशाच ठिकाणी, जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, थेट न्यावे. निघण्यापूर्वी शिरेतून सलाईन सुरू करावे, पुढच्या रुग्णालयाला फोन करावा आणि रक्तदाते नातेवाईक सोबत घ्यावेत. 2014 पासून राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे. पोटात दुखणाऱ्या प्रत्येक प्रजननक्षम स्त्रीची गर्भतपासणी गावातच झाली, तर बहुतेक मृत्यू टळू शकतात.