पिंपरीच्या मातीतले विष

संत तुकाराम नगरच्या शेजारी पिंपरीत १९५४ साली ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याचे मुख्य काम पेनिसिलिन बनवण्याचे. त्याच्या प्रयोगशाळेत मात्र मातीतून नवी औषधे शोधण्याचेही काम चाले. बुरशीशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिंपरीच्या मातीत एक जिवाणू सापडला. गावावरून त्याचे नाव पडले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. त्यापासून मिळालेल्या बुरशीनाशकाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’ म्हटले गेले. १९६१ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली.

हॅमायसिन पॉलिईन कुळातले. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीने दिलेले अ‍ॅम्फोटेरिसिन बी त्याचेच भाऊबंद. माणसाच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल. ही औषधे अर्गोस्टेरॉलला धरतात. पटलाला छिद्रे पडून पोटॅशियम गळते आणि पेशी मरते. पटलातले स्टेरॉल ओढून घेणे हाही या मृत्यूचा मोठा भाग असल्याचे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे.

काळा आजार घडवणारा लीशमानिया हा एकपेशीय परजीवी बुरशी नव्हे. पण त्याच्या पटलातही अर्गोस्टेरॉलच्या जातीची स्टेरॉल असतात. म्हणूनच बुरशीवरचे अ‍ॅम्फोटेरिसिन त्यालाही लागू पडले. मूळ औषध मूत्रपिंडाला जाचक. ते मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत भरल्यावर त्रास कमी झाला. अशा औषधाची एकच मात्रा बहुतेक रुग्णांना पुरते, हे बिहारमधील चाचणीने २०१० साली दाखवले.

छिद्रे पाडण्याची युक्ती परजीवींनाही अवगत आहे. आमांश घडवणारा एन्टामिबा ‘अमीबापोअर’ नावाची छोटी प्रथिने बाळगतो. अनेक जिवाणूंची विषप्रथिने करतात तेच काम ती करतात: समोरच्या पेशीचे पटल भेदतात. पॉलिईन औषधे प्रथिने नसली, तरी मृत्यूची वाट तीच.

पिंपरीतील या शोधामागे सार्वजनिक पैसा होता. पुढे कंपनी तोट्यात गेली आणि २०१६ साली केंद्र सरकारने देणी भागवण्यासाठी तिची अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय घेतला. देणी भागायलाच हवीत. पण काळा आजार मुख्यतः गरिबांच्या घरात शिरतो आणि गरिबांच्या औषधाला बाजार लहान असतो. बाजार ज्या रोगांकडे पाहत नाही, त्यांच्यासाठी माती चाळत बसणारी प्रयोगशाळा कोणी चालवायची, हा १९५४ चा प्रश्न आजही सुटलेला नाही.