शोमरोनचा पाडाव आणि निष्ठाभंगाची मीमांसा

इ. स. पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलच्या उत्तर राज्याची राजधानी शोमरोन असीरियाच्या हाती पडली. दुसऱ्या सारगोनच्या कोरीव लेखांत २७ हजारांहून अधिक लोकांच्या हद्दपारीची नोंद आहे. एका लेखात तर त्यांचे देवही लुटीत मोजलेले आढळतात.

राष्ट्राचा पराभव म्हणजे त्याच्या देवाचा पराभव, अशी तत्कालीन समजूत होती. 'राजे' या ग्रंथाच्या कर्त्यांनी ती उलटवली. यराबामाने बेथेल व दान येथे स्थापिलेली सोन्याची वासरे आणि बआल व अशेरा यांची उपासना यांमुळे परमेश्वरानेच प्रजेला दूर लोटले. असीरिया केवळ निमित्त. होशेय संदेष्ट्याने तत्पूर्वीच मूर्तिपूजेला व्यभिचाराचे रूपक देऊन आपल्या पुत्राचे नाव 'लो-अम्मी', म्हणजे 'माझे लोक नव्हेत', असे ठेवले होते. राज्य जाण्यापेक्षा नाते तुटणे, हीच त्याच्या दृष्टीने खरी शिक्षा होय.

या मीमांसेमुळे मंदिर व राज्य गमावूनही श्रद्धा टिकली, हे मान्य करावे लागते. परंतु तिने पीडितांनाच अपराधी ठरविले. सिनाईतील कुंतिलेत अजरूद येथे १९७५-७६ मध्ये सापडलेल्या एका रांजणावर 'शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा' यांच्या नावे आशीर्वाद लिहिलेला आहे. तो लिहिणाऱ्याला आपण देवाशी प्रतारणा करीत आहोत, असे वाटत असल्याचे त्यात कोठेही दिसत नाही.