भिवंडी : हापूसची परदेशवाट
ठाणे जिल्ह्यातील यंत्रमागांचे व गोदामांचे शहर. मुंबई–नाशिक महामार्गामुळे ते मुंबई, न्हावाशेवा बंदर आणि वाशीच्या घाऊक फळबाजाराशी जोडलेले आहे. हापूसच्या २०१८ मधील भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघरबरोबर ठाणे जिल्हाही येतो.

अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला २००७ मध्ये पुन्हा खुली झाली. अट विकिरणाची होती: कोयीतल्या भुंग्यासह किडींच्या बंदोबस्तासाठी किमान ४०० ग्रे मात्रा. ही सोय तेव्हा लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात होती आणि मुंबईकडून तिकडे जाणारा महामार्ग भिवंडीवरूनच जातो. कोकणातले नाजूक फळ घाट चढून नाशिक जिल्ह्यात न्यायचे आणि पुन्हा मुंबईच्या विमानतळावर उतरवायचे, हा वळसा बागायतदारांना जाचकच होता. पुढे वाशीत पणन मंडळाचे विकिरण केंद्र झाले. जपानसाठी मात्र उष्ण बाष्पप्रक्रिया लागते.